चोपडीतला ‘बांक’ : बँक, बाक आणि नदीचा काठ

डिचोलीकर_वाचक

माझ्या आजोबांचे डिचोलीच्या बाजारात भुसारी दुकान होते. त्यांच्या जमाखर्चाच्या सात चोपड्या गेल्या महिन्यात माळ्यावरच्या पेटीत सापडल्या. आजोबा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले होते, घरात कोकणी बोलत आणि कचेरीच्या कामापुरते पोर्तुगीज त्यांच्या कानावरून गेले होते. त्यामुळे त्यांच्या चोपडीत तिन्ही भाषांतले शब्द एकाच वळणदार देवनागरीत शेजारी शेजारी बसलेले दिसतात. 1953 सालच्या चोपडीत जानेवारीच्या पानावर, तांदूळ आणि गुळाच्या ढेपांच्या नोंदींमध्ये, खर्चाच्या बाजूला एक ओळ आहे : ‘बांक – रु. 14’. पुढे काहीही लिहिलेले नाही.

या ओळीवरून आमच्या घरात दोन पक्ष पडले आहेत. थोरले काका ठामपणे सांगतात की आजोबांनी पणजीला जाऊन बँकेत चौदा रुपये भरले. पोर्तुगीज अमलात बँकेला ‘बांको’ म्हणत, तेव्हा ‘बांक’ म्हणजे बँकच. आत्याचे म्हणणे असे की गिऱ्हाइकांना टेकायला दुकानासमोर जे लाकडी बाक होते, त्याचीच ही किंमत आहे, कारण आमच्या घरात त्या वस्तूला कोणी ‘बाक’ म्हणतच नाही, नाकातून उच्चार करून ‘बांक’ म्हणतात.

वाद मिटवावा म्हणून मी इंग्रजी शब्दकोश उघडला आणि गुंता वाढला. ‘बँक’ या शब्दाची तिथे एकच नोंद नाही. नदीचा काठ किंवा मातीचा उंचवटा या अर्थाचा ‘बँक’ वेगळा, पैशांची बँक वेगळी, आणि एका ओळीत मांडलेल्या वस्तूंचा संच या अर्थाचा ‘बँक’ तिसराच. काठाचा अर्थ इंग्रजीत 1200 च्या सुमारास उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन बोलींमधून आला. पैशांचा अर्थ 15 व्या शतकाच्या अखेरीस इटालियन आणि फ्रेंच भाषांतून आला. दोन्ही शब्दांमध्ये निदान अडीचशे वर्षांचे अंतर आहे आणि वाटाही वेगळ्या आहेत. तरीही मागे मागे गेले की दोन्ही एकाच जुन्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या पूर्वज भाषेतल्या, शब्दापाशी पोहोचतात, आणि त्या शब्दाचा अर्थ बसण्याचा उंचवटा, म्हणजेच बाक, असा दिला आहे. मग काका आणि आत्या एकाच शब्दाच्या दोन टोकांना धरून भांडत आहेत की काय, असे मला वाटू लागले आहे.

माझी विनंती अशी की जाणकारांनी या शब्दाच्या वाटा उलगडून सांगाव्यात, आणि जमल्यास आजोबांच्या त्या ओळीचाही निकाल लावावा.

निवृत्त_रोखपाल_म्हापसा

मी एकतीस वर्षे बँकेत रोखपालाचे काम केले, तेव्हा थोरल्या काकांची बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे. बांको नासियोनाल उल्त्रामारिनो ही पोर्तुगीज वसाहतींसाठीची बँक 1864 साली लिस्बनमध्ये स्थापन झाली आणि 1868 मध्ये तिची शाखा गोव्यात आली. गोव्यातल्या कागदी नोटांवर तिचेच नाव छापलेले असे. माझ्या आईने जपून ठेवलेली तशी एक नोट माझ्याकडे आहे. घडीवर ती झिरझिरीत झाली आहे, पण वरच्या बाजूचे ‘बांको’ हे अक्षर अजून स्पष्ट वाचता येते. ज्या माणसाच्या हातातून अशा नोटा रोज जात होत्या, त्याने ‘बांक’ असे लिहिले तर मनात बँक असणे अगदी स्वाभाविक आहे.

आता शब्दाविषयी. मध्ययुगातील इटलीच्या व्यापारी शहरांत नाणी बदलून देणारे लोक बाजारात एक लांबट बाक किंवा मेज मांडून बसत. त्या बाकाला इटालियनमध्ये ‘बांको’ किंवा ‘बांका’ म्हणत. पुढे बाक मागे पडले, व्यवहार राहिला आणि नाव व्यवहाराला चिकटले. 1694 साली बँक ऑफ इंग्लंडची स्थापना होईपर्यंत इंग्रजी माणसाच्या कानाला या शब्दातले लाकूड जाणवतही नसावे. ही कल्पना एकट्या इटलीची म्हणता येत नाही. ग्रीक भाषेत बँकेला आजही ‘त्रापेझा’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ मेज असा आहे. आपल्याकडेही कितीतरी गावांत सोनेचांदीच्या पेठेला ‘सराफ कट्टा’ असे नाव आहे, आणि कट्टा म्हणजे बसण्याचा ओटा. पैसे मोजणारा माणूस उभ्याने पैसे मोजत नाही, एवढी साधी गोष्ट या तिन्ही शब्दांच्या मुळाशी आहे.

डिचोलीकर_वाचक

रोखपालकाका, आपला आभारी आहे. सराफ कट्ट्याची तुलना फार पटली. पण यामुळे आत्याचा पक्ष दुबळा न होता बळकटच होतो, असे मला वाटते. मूळ शब्दच बाकाचा असेल, तर ‘बांक’ लिहिणाऱ्याच्या मनात बाक नसून बँकच होती, हे कशावरून ठरवायचे?

फोंड्याची_शिक्षिका

या प्रश्नात मला मनापासून रस आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट अशी की मराठीतला ‘बाक’ हा शब्द इंग्रजीतून आलेला नाही. तो पोर्तुगीज ‘बांको’पासून आला आहे. पगार, लिलाव, चावी, बटाटा, तुरुंग हे शब्द ज्या गलबतांतून उतरले, त्याच गलबतांतून तोही उतरला. बार्देशातल्या आसगाव येथे 1855 साली जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियातील भाषांमध्ये गेलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश 1913 साली प्रसिद्ध केला. आपल्या स्वयंपाकघरात, शाळेत आणि कचेरीत किती पोर्तुगीज शब्द राहतात, हे त्या एका माणसाच्या कष्टामुळे आपल्याला ठाऊक झाले, आणि मराठी शाळांमध्ये त्यांचे नाव आजच्यापेक्षा कितीतरी अधिक घेतले जायला हवे, असे माझे प्रामाणिक मत आहे. गोव्यातल्या कोकणीने ‘बांक’ या रूपात मूळचा अनुनासिक उच्चार जपला. घाटावरच्या मराठीत तो गळून ‘बाक’ उरला. डिचोलीच्या आजोबांनी अनुस्वार दिला, तो त्यांच्या घरच्या उच्चाराप्रमाणेच दिला.

दुसरी गोष्ट अशी की पोर्तुगीजमध्ये ‘बांको’ या एकाच शब्दाचे बाक आणि बँक असे दोन्ही अर्थ आजही चालू आहेत. फ्रेंचमध्ये बाकाला एक रूप आणि बँकेला दुसरे रूप आहे. इंग्रजीत बाक म्हणजे ‘बेंच’ आणि पैशांची ती ‘बँक’. पोर्तुगीजमध्ये अशी फारकत झालेली नाही. लिस्बनमधला माणूस बागेतल्या बांकोवर बसतो आणि बांकोत पैसे ठेवतो, आणि त्यात त्याला काही विचित्र वाटत नाही. काका आणि आत्या यांच्या वादाचे मूळ त्या भाषेतल्या या दुहेरी अर्थात आहे.

आता इंग्रजीकडे पाहा. ‘बेंच’ हा इंग्रजीचा घरचा शब्द आहे. तो इटलीला न जाता जुन्या जर्मानिकमधून सरळ खाली आला. त्याच कुळातला शब्द जर्मानिक टोळ्यांबरोबर इटलीत गेला, तिथे सावकाराच्या बाकाला चिकटला आणि ‘बँक’ होऊन इंग्लंडला परतला. इटालियनमध्ये लहान बाकाला ‘बांकेत्तो’ म्हणतात. त्यावरून मेजवानीसाठी ‘बँक्वेट’ हा शब्द तयार झाला. म्हणजे माझ्या वर्गातली मुले ज्यावर बसतात ते बाक, शेजारच्या इंग्रजी शाळेतले बेंच, पगार जमा होतो ती बँक आणि लग्नाचे जेवण होते तो बँक्वेट हॉल, हे चारही एकाच कुळातले शब्द चार वेगवेगळ्या दारांनी आपल्या गावात आले आहेत. न्यायालयालाही इंग्रजीत ‘बेंच’ म्हणतात, कारण न्यायाधीश जिथे बसतात ती जागा न्यायालयाचे नाव बनली. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या बेंचला आपण ‘खंडपीठ’ म्हणतो. पीठ म्हणजे आसन. विद्यापीठ, धर्मपीठ, मठाची गादी या सर्वांमध्ये आपल्या भाषेनेही आसनावरून संस्थेकडे जाणारी तीच वाट धरली आहे, आणि ती कोणाकडून उसनी घेतलेली नाही.

मूळ नोंदीविषयी माझी एक सूचना आहे. एकटा शब्द पाहून अर्थ ठरणार नाही. त्याच चोपड्यांत हा शब्द पुन्हा आला आहे का आणि त्याला कोणता प्रत्यय लागला आहे, ते पाहावे. बँक असेल तर ‘बांकांत’ येईल, बाक असेल तर ‘बांकावर’ किंवा ‘बांकास’ येईल. सातही चोपड्या चाळण्याचे कष्ट आपण घ्यावेत.

दर्यावर्दी_वास्को

मी बावीस वर्षे जहाजावर होतो. आमच्या कामात ‘बँक’ शब्दाचे जे अर्थ येतात, त्यांचा पैशांशी कसलाही संबंध नसतो, म्हणून लिहितो.

समुद्राच्या नकाशावर ‘बँक’ म्हणजे पाण्याखालचा उंचवटा. आजूबाजूला खोल समुद्र असताना मध्येच तळ वर आलेला असतो, पण पाण्याबाहेर डोके काढत नाही. मराठी माणसाने लक्षात ठेवावे असे एक उदाहरण आपल्याच किनाऱ्यासमोर आहे. विजयदुर्गापासून सुमारे 105 किलोमीटर पश्चिमेला समुद्राखाली प्रवाळांचे एक विस्तीर्ण पठार आहे. त्याची सर्वांत उथळ जागा पाण्याखाली साधारण 20 मीटरवर आहे. त्याचे नाव ‘आंग्रिया बँक’. इंग्रज लोक कान्होजी आंग्रे यांना ‘आंग्रिया’ म्हणत आणि त्यांच्या आरमाराचा त्यांनी पुरता धसका घेतला होता, त्यामुळे नकाशावर ते नाव राहिले. मराठी वर्तमानपत्रांत हे नाव जसेच्या तसे ‘आंग्रिया बँक’ असे छापून येते. माझ्या पुतण्याने ते वाचून मला विचारले होते की आंग्र्यांची सावकारी पेढी होती का. चूक त्या मुलाची नव्हती. ‘आंग्रे पठार’ असे छापले असते तर हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नसता.

‘वेस्ट बँक’ या प्रदेशाच्या नावाचेही असेच आहे. तो यार्देन (जॉर्डन) नदीचा पश्चिम काठ आहे, पण रोजच्या बातम्यांत ‘वेस्ट बँकेत चकमक’ असे वाचणाऱ्या कितीतरी लोकांना तिथे नदी आहे हेच ठाऊक नसते.

तिसरा अर्थ वल्ह्यांचा. जुन्या युद्धनौकांवर वल्हेकरी बाकांवर रांगेने बसत. फ्रेंच भाषेतून आलेल्या ‘बँक’ या शब्दाचा अर्थ आधी वल्हेकऱ्यांचे बाक, मग वल्ह्यांची रांग, आणि पुढे कोणत्याही यंत्रांची रांग असा झाला. इंजिनरूममध्ये एका फळीवर ओळीने बटणे असत, त्यांना आम्ही ‘बँक’ म्हणत असू. तिथे काम करताना एकदाही बाकाची आठवण झाली नव्हती. आता ते बाक दिसू लागले आहे.

सांखळीचा_अभ्यासक

सर्वांचे लेखन वाचून आनंद झाला. पण मला असे वाटते की आपण सर्वजण फार लांबचा प्रवास करत आहोत. संस्कृतमध्ये ‘वंक’ म्हणजे वळण, आणि नदीच्या वळणालाही ‘वंक’ म्हणतात. त्यावरूनच मराठीत ‘बाक’ आला. पाठीला बाक येतो, फांदीला बाक असतो. नदीचा काठ वळणावर असतो, तेव्हा इंग्रजी ‘बँक’ हाही याच ‘वंक’चा अवतार असला पाहिजे. वाळवंटी नदीच्या काठी लहानाचा मोठा झालेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. शब्दही तोच, अर्थही तोच, मग मध्ये जर्मनी आणि इटली कशाला?

फोंड्याची_शिक्षिका

आपल्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच उरलेले अर्धे तपासून घेतले पाहिजे.

मराठीत ‘बाक’ हे दोन शब्द आहेत. पाठीला येतो तो बाक ‘वंक’ या संस्कृत शब्दाचा वंशज आहे. दंडातली ‘वाकी’ आणि ‘वाकणे’ हे क्रियापद त्याच कुळातले. शाळेतले बाक मात्र पोर्तुगीज आहे. या दोघांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. भाषेने तो फरक लिंगातही ठेवला आहे. पाठीला तो बाक येतो, आणि वर्गात ते बाक असते. वळण पुल्लिंगी आणि आसन बहुतेकांच्या तोंडी नपुंसकलिंगी. पाठीला ‘बाके आली’ असे कोणी म्हणत नाही, पण वर्गात नवी ‘बाके आली’ असे आम्ही शिक्षक दरवर्षी जूनमध्ये म्हणतो.

इंग्रजी ‘बँक’ आणि संस्कृत ‘वंक’ यांचे नाते जुळत नाही, याचे कारण ध्वनींच्या नियमात आहे. संस्कृत आणि इंग्रजी दूरच्या बहिणी आहेत, आणि त्यांच्यातले सारखे शब्द ठरावीक नियमांनी एकमेकांसमोर उभे राहतात. संस्कृतमधल्या शब्दारंभीच्या ‘भ’समोर इंग्रजीत ‘ब’ येतो : भ्राता आणि ब्रदर, भ्रू आणि ब्राउ. संस्कृतमधल्या ‘व’समोर इंग्रजीतही ओठ गोल करून म्हणायचा ‘व’च येतो : विधवा आणि विडो, वात आणि विंड. तेव्हा ‘वंक’चा इंग्रजी भाऊ सापडलाच तर तो ‘ब’ने सुरू होणार नाही. ‘व’चा ‘ब’ झाला तो आपल्या प्राकृत वळणाने, इथेच झाला. इंग्लंडमधल्या शब्दाला तो लागू होत नाही.

माझ्या दृष्टीने या साऱ्यातली विलक्षण बाब पुढे आहे. इंग्रजीतला नदीचा ‘बँक’ आणि पैशांची ‘बँक’ हे अर्थाने इतके दूर आहेत की त्यांचे नाते कोणाला सांगूनही खरे वाटत नाही, आणि ते खरोखरच नातलग आहेत. मराठीतले दोन ‘बाक’ मात्र ऐकायला जुळे आहेत आणि त्यांचा जन्म दोन वेगळ्या खंडांत झाला. शब्दांच्या चेहऱ्यावर विसंबून नाते जोडण्याची सवय आपल्याकडे फार आहे. मीही विद्यार्थिदशेत ती पुष्कळ जोपासली होती, आणि ती सोडताना मला वाईट वाटले होते, त्यामुळे आपल्याला काय वाटत असेल याची मला कल्पना आहे.

दिवाडीचा_खाजनकाठ

नदीकाठाचा विषय निघाला म्हणून दोन ओळी. आमची शेती खाजनाची, म्हणजे भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवलेल्या सखल जमिनीतली. बांधाच्या तोंडाशी मानस असते. भरतीला तिची लाकडी दारे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. सरकारी इंग्रजी कागदात या बांधाला ‘एम्बँकमेंट’ म्हणतात. त्या शब्दाच्या पोटात काठाचा ‘बँक’ आहे, आणि माझ्या मते त्याचा खरा अर्थ बांधावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. मातीचा उंच, वरून सपाट, दोन्ही बाजूंनी उतरता असा तो ओटाच असतो, आणि दुपारी जेवणाची शिदोरी सोडून आम्ही त्यावरच बसतो. बाक आणि काठ यांना जुन्या लोकांनी एकच शब्द का दिला असेल, हे मला कोणत्याही कोशाशिवाय समजते.

आणखी एक. आमच्या घराच्या बलकांवात, म्हणजे दारासमोरच्या ओसरीत, दगडी सोपो आहे, ज्यावर संध्याकाळी बसतात. आणि बाजारात भाजी घेऊन बसल्याबद्दल पालिका जे शुल्क घेते, त्यालाही सोपो म्हणतात. बसण्याची जागा आणि त्या जागेचे पैसे यांना एकच नाव कसे, असा विचार मी यापूर्वी कधी केला नव्हता.

परिचारिका_मडगाव

एक छोटी भर घालते. रक्त साठवण्याच्या जागेला ‘ब्लड बँक’ हे नाव शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयातील डॉ. बर्नार्ड फँटस यांनी 1937 साली दिले. रक्त जमा करायचे आणि गरज पडेल तेव्हा काढायचे, ही कल्पना त्यांनी पैशांच्या बँकेवरून घेतली. मराठीत मात्र आपण ‘रक्तबँक’ न म्हणता ‘रक्तपेढी’ म्हणतो. पैशांच्या व्यवहारातून पेढी जवळजवळ उठली आणि तिच्या जागी बँक आली, पण रक्ताची आणि नेत्रांची पेढी राहिली. रात्रपाळीत रक्ताची पिशवी आणायला जाताना दारावरची ती पाटी मी हजारदा वाचली असेल, आणि तो शब्द मला नेहमीच आधाराचा वाटत आला आहे.

निवृत्त_रोखपाल_म्हापसा

परिचारिकाताईंनी पेढीचे नाव काढले, म्हणून पेढी बुडण्याचा शब्दही सांगतो. इंग्रजी ‘बँकरप्ट’ हा शब्द इटालियन ‘बांका रोत्ता’ म्हणजे ‘मोडलेले बाक’ यावरून आला. पोर्तुगीजमध्येही दिवाळखोरीला ‘बांकारोता’ म्हणतात. सावकार बुडाला की त्याचे बाक भर चौकात मोडून टाकत, अशी गोष्ट फार प्रसिद्ध आहे आणि मीही ती नव्या उमेदवारांना अनेकदा सांगितली आहे. शिक्षिकाबाईंचे लेखन वाचल्यावर मला वाटते की ती गोष्ट नसली तरी शब्दाचे काही अडत नाही, कारण धंदा मोडला असे आपण म्हणतो तेव्हा तिथेही कुऱ्हाड चाललेली नसते. आपल्या ‘दिवाळे’ या शब्दाचेही असेच आहे. बुडालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, म्हणून दिवाळे, असे परंपरेने सांगतात. एकीकडे मोडलेले बाक आणि दुसरीकडे उन्हात जळणारा दिवा. दोन्ही चित्रांमध्ये लोकांसमोर झालेली मानहानी आहे, आणि रोखपाल म्हणून ती मी काही माणसांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

डिचोलीकर, आपण चोपड्या तपासल्या असतील तर निकाल कळवावा. काकांची बाजू मी घेतली आहे, पण पुरावा विरुद्ध गेला तर मी ती सोडून देईन.

डिचोलीकर_वाचक

बाईंच्या सूचनेप्रमाणे सातही चोपड्या पहिल्या पानापासून चाळल्या. आत्याने शेजारी बसून पाने धरली आणि काकांनी भिंग आणून दिले. तीन दिवस लागले.

हा शब्द आणखी तीन ठिकाणी सापडला. 1953 च्याच मे महिन्यात ‘बांकास तेल’ अशी नोंद आहे. पावसाळ्याआधी लाकडाला तेल देण्याची आमच्याकडे रीत होती. 1955 मध्ये ‘बांकावर शेडी बांधून पट्टी फुटली, पेद्रूकडून येणे’ अशी ओळ आहे. शेडी म्हणजे शेळी. कोणी तरी दुकानासमोर शेळी बांधून सौदा घ्यायला आत गेला असावा. आणि 1957 मध्ये ‘बांकाचा एक पाय नवा, मेस्त – रु. 2’ असे लिहिले आहे. ‘बांकांत’ हे रूप एकदाही आलेले नाही.

काकांचे म्हणणे मात्र सर्वस्वी चुकीचे ठरत नाही. आजोबा बँकेत पैसे ठेवत होते, पण त्या नोंदींत ‘बांक’ हा शब्दच नाही. तिथे त्यांनी दर वेळी ‘पणजी, उल्त्रामारीन’ असे लिहिले आहे. अशा अकरा नोंदी आम्ही मोजल्या. बँकेला त्यांनी तिच्या शेवटच्या नावाने ओळखले आणि ‘बांक’ हा शब्द दुकानासमोरच्या लाकडासाठी ठेवला. एका शब्दाचे दोन अर्थ त्यांच्याही कानावर येत असणार, आणि जमाखर्चात घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःपुरती ती फारकत करून घेतली होती. हे पाहिल्यावर काका बराच वेळ ती पाने उलटत राहिले आणि मग म्हणाले की आजोबांचा हिशेब कधी चुकत नसे.

ते बांक अजून आमच्या मागच्या पडवीत आहे. नारळ सोलायला बसताना आम्ही रोज ते वापरतो. काल उलटे करून पाहिले : बसायची फळी आणि तीन पाय फणसाचे आहेत, पिवळसर आणि गुळगुळीत झालेले; चौथा पाय काळपट सागवानी आहे आणि बाकीच्या तिघांपेक्षा बोटभर जाड आहे.